समाजमाध्यमांच्या गर्दीत लहान व्यवसायाने ग्राहक कसा गाठावा?

बंगळुरूच्या जुन्या बाजारपेठेत फिरताना पेठांची नावेच व्यापाराची ओळख करून देतात. कन्नडमध्ये 'अक्की' म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेट. 'अरळे' म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेट. 'बळे' म्हणजे बांगडी, त्यावरून बळेपेट. सोळाव्या शतकात केंपेगौडा यांनी वसवलेल्या या शहरात व्यवसायांनुसार वस्त्या झाल्या आणि पुण्यातील तांबट आळीप्रमाणेच वस्तूचे नाव हाच तिचा पत्ता ठरला. ज्याला बांगड्या हव्या, तो बळेपेटेत जाई. दुकानदाराला आपण कोठे आहोत, हे ओरडून सांगावे लागत नसे.

त्याच शहरात बसवनगुडी भागात दर वर्षी कार्तिक महिन्यात भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिला 'कडलेकाई परिशे' म्हणतात. तेथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांच्या राशी असतात, माल बहुतेक सारखाच असतो आणि प्रत्येक विक्रेता येणाऱ्या-जाणाऱ्याचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न करीत असतो.

आज घरगुती खाद्यपदार्थ, कपडे, हस्तकला, शिकवण्या किंवा दुरुस्तीसेवा असा लहान व्यवसाय करणाऱ्यांपुढे इंटरनेटवर हीच दोन रूपे उभी आहेत. समाजमाध्यमे ही जत्रा आहे. शोधयंत्र, नकाशा, स्वतःचे संकेतस्थळ आणि ग्राहकांची स्वतःची यादी ही पेठ आहे. अनेक लहान उद्योजक आपला बहुतेक वेळ आणि पैसा जत्रेत खर्च करतात व पेठेतील जागा मोकळी ठेवतात. माहिती तंत्रज्ञानाची राजधानी मानल्या जाणाऱ्या बंगळुरूचा गेल्या दोन दशकांचा अनुभव पाहिला, तर हा क्रम बदलण्याची गरज का आहे, हे ध्यानात येते.

गर्दी कशी झाली?

समाजमाध्यमांच्या आरंभीच्या काळात एखाद्या दुकानाने फेसबुकवर पान उघडले, तर त्या पानाचे अनुसरण करणाऱ्या बऱ्याच लोकांना नवा मजकूर दिसत असे. पुढे मजकूर प्रचंड वाढला; पाहणाऱ्याचा वेळ मात्र तेवढाच राहिला. त्यामुळे कोणाला काय दाखवायचे, हे संगणकीय सूत्राने ठरवले जाऊ लागले. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये काळाच्या क्रमाने छायाचित्रे दाखवण्याची पद्धत सोडून पाहणाऱ्याच्या आवडीच्या अंदाजानुसार क्रम लावण्यास सुरुवात केली. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र व कुटुंबीय यांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याची घोषणा केली. व्यावसायिक पानांचा मजकूर त्यामुळे आणखी मागे गेला. भारतात टिकटॉकवर बंदी आल्यानंतर जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने 'रील्स' ही लघुचित्रफितींची सोय सुरू केली आणि स्पर्धेचे स्वरूप पुन्हा बदलले.

या बदलांचा अर्थ असा की अनुसरण करणाऱ्यांची संख्या ही आता ग्राहकसंख्या राहिलेली नाही. एखाद्या पानाचे पाच हजार अनुसारक असले, तरी त्यांपैकी किती जणांपर्यंत आजचा मजकूर पोहोचेल, हे त्या पानाच्या मालकाच्या हाती नसते. सूत्र पाहते ते एवढेच, की हा मजकूर समोर आला तर माणूस थांबेल काय, पुढे कोणाला पाठवील काय, प्रतिक्रिया देईल काय. भाजणीच्या चकलीची चव उत्तम आहे, हे या सूत्राला कळण्याचा मार्ग नाही. चकली तळतानाची चित्रफीत लोक शेवटपर्यंत पाहतात की नाही, एवढेच त्याला कळते. म्हणजे चांगला पदार्थ करणाऱ्या व्यक्तीला चित्रफीत करण्याच्या कलेत इतरांशी स्पर्धा करावी लागते, आणि त्यात तिच्या समोर चित्रपट, क्रिकेट, राजकारण आणि विनोद हे सर्व उभे असतात.

जाहिरातीचा लिलाव

मजकूर आपोआप पोहोचत नसल्यास जाहिरात देणे हा दुसरा मार्ग. या जाहिरातींचा दर वर्तमानपत्राप्रमाणे ठरलेला नसतो. प्रत्येक जागेसाठी क्षणार्धात लिलाव होतो. जाहिरातदार किती रक्कम देण्यास तयार आहे, पाहणारा अपेक्षित कृती करण्याची शक्यता किती आहे आणि जाहिरातीचा दर्जा कसा आहे, या तिन्हींचा विचार होऊन विजेता निश्चित केला जातो. साहजिकच जाहिरातदार वाढले की जागा महागते. दिवाळीच्या सुमारास मोठ्या कंपन्या मैदानात उतरतात आणि नेमक्या त्याच वेळी फराळ विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही जाहिरातीची गरज असते.

येथे साधा हिशेब उपयोगी पडतो. समजा, एका व्यावसायिकाने जाहिरातीवर ३,००० रुपये खर्च केले. त्यातून २०० जणांनी पान पाहिले आणि १० जणांनी खरेदी केली. म्हणजे एक ग्राहक मिळवण्यास ३०० रुपये लागले. एका खरेदीमागे ८० रुपये नफा असेल, तर मिळकत ८०० रुपये आणि तोटा २,२०० रुपये. आता याच दहांपैकी चार ग्राहक पुढील अकरा महिने दर महिन्याला एकदा खरेदी करीत राहिले, तर त्यांच्याकडून ३,५२० रुपये नफा मिळतो. एकूण नफा ४,३२० रुपये होतो आणि खर्च भरून निघतो.

जाहिरात दोन्ही वेळी तीच आणि ग्राहकही तेवढेच. फरक पडला तो ग्राहक पुन्हा आल्यामुळे. त्यामुळे आलेल्या ग्राहकाला पुन्हा आणण्याची व्यवस्था नसताना जाहिरातीवर पैसे घालणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. बचत मोडून किंवा कर्ज काढून घरगुती उद्योग सुरू करणाऱ्यांसाठी हा हिशेब तर जगण्या-मरण्याचा ठरू शकतो.

भाड्याची जागा

समाजमाध्यमावरील पान ही भाड्याची जागा असते आणि भाडेकराराच्या अटी घरमालक केव्हाही बदलू शकतो. याची उदाहरणे खुद्द बंगळुरूत आहेत. भारतीय भाषांसाठी निघालेले 'कू' हे समाजमाध्यम बंगळुरूचे. अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी ते २०२० मध्ये सुरू केले. मराठीसह अनेक भाषांत लिहिणारे लोक तेथे आले. जुलै २०२४ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली आणि तेथे जमवलेले अनुसारक जमवणाऱ्यांच्या हाती राहिले नाहीत. त्यापूर्वी ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले होते, तर टिकटॉकवर भारत सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली. कारणे वेगवेगळी होती. तेथे व्यवसाय करणाऱ्यावर होणारा परिणाम मात्र सारखाच होता.

'डुन्झो' ही बंगळुरूची आणखी एक कंपनी. व्हॉट्सअ‍ॅपवरून निरोप घेऊन शहरातील कामे करून देणारी सेवा म्हणून ती सुरू झाली आणि पुढे दुकानांतील माल घरपोच देणारी मोठी कंपनी बनली. गूगल आणि रिलायन्स रिटेल यांनी तिच्यात गुंतवणूक केली. तरीही जानेवारी २०२५ मध्ये तिचे अ‍ॅप व संकेतस्थळ बंद पडले.

कंपनी यशस्वी झाली, तरी धोरण बदलू शकते. विदित आत्रेय आणि संजीव बर्नवाल यांनी २०१५ मध्ये बंगळुरूत स्थापन केलेल्या 'मीशो'चा आरंभ व्हॉट्सअ‍ॅपद्वारे ओळखीच्या लोकांना माल विकणाऱ्या पुनर्विक्रेत्यांच्या बळावर झाला. त्यांत गृहिणींची संख्या मोठी होती. २०२१ पासून कंपनीने ग्राहकाला थेट विक्री करण्यावर भर दिला. कंपनीच्या दृष्टीने तो वाढीचा मार्ग होता. परंतु मधल्या दुव्याचे काम करणाऱ्या व्यक्तीचे महत्त्व त्यामुळे कमी झाले. ज्या पुनर्विक्रेतीने आपल्या ग्राहकांचे क्रमांक, आवडीनिवडी आणि विश्वास जपला होता, तिच्याजवळ निदान तेवढे भांडवल उरले.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. एकाच कंपनीच्या तीन सेवांवर संपूर्ण व्यवसाय अवलंबून ठेवणे किती धोक्याचे आहे, हे त्या एका रात्रीत अनेकांना कळून चुकले.

शोधत येणारा ग्राहक

जत्रेतील माणूस सहज फिरत असतो. पेठेत येणारा काहीतरी हवे म्हणून आलेला असतो. शोधयंत्रात 'जवळची शिलाईयंत्र दुरुस्ती' असे लिहिणारी व्यक्ती खरेदीच्या निर्णयाच्या अगदी जवळ असते. तिला पटवण्याची गरज नसते. तिला आपण सापडलो म्हणजे पुरे.

फ्लिपकार्टचा आरंभ या दृष्टीने उद्बोधक आहे. २००७ मध्ये सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी बंगळुरूच्या कोरमंगला भागातील एका सदनिकेतून पुस्तकविक्री सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे जाहिरातीसाठी मोठा पैसा नव्हता. पुस्तकांच्या दुकानांबाहेर उभे राहून त्यांनी वाचकांना पुस्तकखुणा वाटल्या. शोधयंत्रात पुस्तकाचे नाव लिहिले की आपले पान वरच्या स्थानी यावे, याकडेही त्यांनी कटाक्षाने लक्ष दिले. दोन्ही उपायांत एकच सूत्र होते : ज्याला पुस्तक हवेच आहे, त्याच्यापर्यंत जायचे. २०१८ मध्ये वॉलमार्टने जिचा मोठा हिस्सा विकत घेतला, त्या कंपनीची पहिली पावले अशी साधी होती.

लहान व्यवसायाला आज याहून सोपी सोय उपलब्ध आहे. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. तेथील क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : शोधलेल्या शब्दांशी व्यवसायाचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. नकाशावरील नेहमीच्या यादीत वरचे स्थान पैसे देऊन मिळवता येत नाही, असे गूगल स्पष्ट सांगते. त्यामुळे येथे लहान दुकान आणि मोठी कंपनी यांच्यातील अंतर बरेच कमी होते. घरून व्यवसाय करणाऱ्या महिलांना घराचा पत्ता न दाखवता केवळ सेवा देण्याचा परिसर नोंदवण्याचीही सोय आहे. वेळा अचूक असणे, सुटीचा दिवस नोंदवणे, मालाची खरी छायाचित्रे लावणे आणि ग्राहकांच्या अभिप्रायांना सौजन्याने उत्तर देणे या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु लोक दुकानापर्यंत येतात ते त्यांच्याच आधारे.

ग्राहकाचा शब्द कोणता?

बंगळुरूत व्यवसाय करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी येथे भाषेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. 'पुरणपोळी' एवढेच लिहिले, तर मराठी ग्राहक येईल. कन्नड ग्राहक मात्र 'होळिगे' किंवा 'ओब्बट्टु' हा शब्द शोधत असतो. चकलीला तेथे 'चक्कुली' म्हणतात, चिरोट्याला 'चिरोटी', आणि कडबोळ्याच्या जवळचा पदार्थ 'कोडुबळे' या नावाने ओळखला जातो. पदार्थाच्या वर्णनात मराठी, कन्नड आणि इंग्रजी ही तिन्ही नावे दिली, तर एकही पैसा अधिक खर्च न करता ग्राहकवर्ग विस्तारतो. शिवाय स्थानिक भाषेत आपला व्यवसाय मांडणे, ही त्या शहराप्रति आदराचीही खूण आहे.

हाच नियम पुणे, इंदूर, बेळगाव किंवा पणजी येथेही लागू पडतो. आपण वस्तूला काय म्हणतो, यापेक्षा ग्राहक तिला काय म्हणतो, हे आधी विचारावे. दहा जुन्या ग्राहकांना 'आमच्याकडचा माल शोधायचा असता, तर तुम्ही कोणते शब्द लिहिले असते?' असे विचारले, तरी पुरेशी माहिती मिळते.

स्वतःचे संकेतस्थळ साधे असले तरी चालते. चार पानांत माल, किंमत, पोहोचवण्याची पद्धत, परतीचा नियम आणि संपर्क एवढे असावे. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी वेळेवर नूतनीकृत करावी आणि ती मध्यस्थाच्या नव्हे, तर स्वतःच्या नावावर असल्याची खात्री करावी. २०१४ पासून '.भारत' हा देवनागरी प्रत्ययही उपलब्ध आहे. मराठी नावाच्या व्यवसायाने '.इन'सारख्या रोमन पत्त्याच्या जोडीला तो घेण्याचा विचार करावा.

आलेल्या ग्राहकाची यादी

ग्राहकांची यादी ही लहान व्यवसायाची सर्वांत मोलाची मालमत्ता होय. नाव, क्रमांक, शेवटची खरेदी आणि आवड एवढी नोंद साध्या वहीतही ठेवता येते. व्हॉट्सअ‍ॅपचे व्यवसायांसाठीचे स्वतंत्र अ‍ॅप २०१८ मध्ये आले. त्यात मालाची यादी ठेवणे, ग्राहकांवर खुणेच्या पट्ट्या लावणे आणि ठरावीक उत्तरे देणे शक्य होते. नेहमीच्या प्रसारणयादीतून पाठवलेला निरोप मात्र ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच पोहोचतो. म्हणून पहिल्या खरेदीच्या वेळीच 'आमचा क्रमांक जतन करून ठेवा' अशी विनंती करणे योग्य.

येथेही अतिरेक घातक आहे. बंगळुरूतील मोठ्या निवासी संकुलांत रहिवाशांचे व्हॉट्सअ‍ॅप गट असतात आणि खरेदी-विक्रीसाठी अनेकदा वेगळा गट असतो. शेजाऱ्याच्या शिफारशीला तेथे जाहिरातीपेक्षा अधिक वजन असते. परंतु रोज तोच निरोप टाकणाऱ्याला लोक आधी दुर्लक्षित करतात आणि नंतर गटाबाहेर काढतात. नवा माल, बदललेली वेळ, सणाची आगाऊ मागणी अशा खऱ्या कारणानेच निरोप पाठवावा. क्रमांक घेताना परवानगी घ्यावी आणि नको म्हणणाऱ्याचे नाव तत्काळ वगळावे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असल्याने ही शिस्त आतापासूनच अंगी बाणवणे हिताचे आहे.

खोट्या प्रशंसेचा मोह

गर्दीत उठून दिसण्यासाठी विकतचे अनुसारक, बनावट अभिप्राय आणि 'फक्त दोनच शिल्लक' अशा खोट्या घाईच्या सूचना यांचा आधार घेतला जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ प्रकारच्या मांडण्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. खोटी घाई निर्माण करणे हा त्यांपैकी एक प्रकार आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानक प्रसिद्ध केले. मोबदला घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे, असेही सरकारचे निर्देश आहेत.

कायदा बाजूला ठेवला, तरी विकतचे अनुसारक व्यवहारातही तोट्याचे ठरतात. ते काहीच विकत घेत नाहीत आणि मजकुराला प्रतिसादही देत नाहीत. प्रतिसाद नसल्याने सूत्र तो मजकूर आणखी मागे टाकते. म्हणजे पैसे देऊन स्वतःचीच पीछेहाट ओढवून घेतली जाते.

कागदपत्रांची बाजू

ऑनलाइन व्यवसाय वाढला की नोंदीही वाढतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांच्या माहितीवरून हजारो लहान व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. बंगळुरूतील अनेक दुकानांवर तेव्हा 'केवळ रोख' अशा पाट्या लागल्या. व्यापाऱ्यांच्या असंतोषानंतर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्यांच्याशी चर्चा केली आणि जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र पात्र व्यापाऱ्यांना नोंदणी करावी लागेल, असे सांगितले.

या प्रसंगातून घ्यायचा बोध हा की खासगी आणि व्यवसायाचे व्यवहार एकाच खात्यातून करू नयेत. वस्तूंच्या व्यापारात सर्वसाधारणपणे ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकताना ही सवलत सहसा मिळत नाही. हस्तकलेच्या वस्तूंसारखे काही अपवाद आहेत. बंगळुरूहून पुण्याला मसाले पाठवण्यापूर्वी हा मुद्दा करसल्लागाराकडून समजून घ्यावा. खाद्यपदार्थ घरी तयार केले, तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक असते.

आधी काय, नंतर काय?

समाजमाध्यमे सोडून द्यावीत, असा या विवेचनाचा अर्थ नाही. नवी ओळख होण्यासाठी जत्रेसारखी जागा नाही. प्रश्न क्रमाचा आहे. प्रथम नकाशावरील नोंद पूर्ण करावी. मग ग्राहकांच्या शब्दांत मालाचे वर्णन लिहावे. त्यानंतर परवानगीने ग्राहकांची यादी जमवावी आणि साधे संकेतस्थळ उभारावे. हे झाल्यावर एकच समाजमाध्यम निवडून आठवड्यातून एक-दोनदा, झेपेल एवढेच लिहावे किंवा दाखवावे आणि प्रत्येक मजकुरातून लोकांना आपल्या यादीकडे वा संकेतस्थळाकडे आणावे. जाहिरात सर्वांत शेवटी, आणि तीही एक ग्राहक मिळवण्यास किती रुपये पडले, हे वहीत लिहून.

महिन्याच्या अखेरीस तीन आकडे पाहावेत : नवे ग्राहक किती आले, जुने किती परत आले आणि त्यांना आपला पत्ता कोठून कळला. तिसरा आकडा मिळवण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. प्रत्येक नव्या ग्राहकाला तेवढा एक प्रश्न विचारावा लागतो. किती लोकांनी पसंतीची खूण केली, हा आकडा या तिघांनंतर पाहिला तरी चालेल.

कडलेकाई परिशे संपते, रस्ते झाडले जातात आणि शेंगांच्या राशी दिसेनाशा होतात. बळेपेटेत मात्र दुसऱ्या दिवशीही दुकाने उघडतात.